पाणी दहा मिनिटांवर होतं

१४ मे २००८ रोजी सकाळी सहाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकिन परगण्यात, फार्मिंग्टन गावाजवळच्या एका द्राक्षमळ्यात मजुरांची टोळी कामाला लागली. टोळीत सतरा वर्षांची एक मुलगी होती. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून ती काही महिन्यांपूर्वीच आली होती आणि या मळ्यावर तिला मोजकेच दिवस झाले होते. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो मुलगाही त्याच टोळीत होता. काम वेलींच्या छाटणी-बांधणीचं. दुपारी पारा ९५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३५ अंश सेल्सियसच्या वर गेला. साडेतीननंतर ती वेलींच्या ओळीतच कोसळली.

पुढच्या दीड-दोन तासांत काय झालं ते नीट पाहायला हवं. अमेरिकेत ९११ फिरवलं की रुग्णवाहिका येते. ते कुणी फिरवलं नाही. तिला गाडीत आडवं केलं, अंगावर ओलं फडकं टाकलं. अंगाला स्पिरिट चोळा, असं मुकादमाकडून सांगण्यात आलं आणि वाटेत एका दुकानातून ते विकतही घेतलं गेलं. अखेर लोडी गावातल्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा सव्वापाच वाजत आले होते. ताप १०८ अंशांच्या वर होता. दवाखान्याने लगेच रुग्णवाहिका मागवून तिला रुग्णालयात हलवलं, पण ती शुद्धीवर आली नाही. १६ मे रोजी ती गेली. ती दोन महिन्यांची गरोदर असल्याचं तपासणीत निघालं.

मी समाजवैद्यक शिकवते. अमेरिकेतल्या लॅटिनो स्थलांतरित शेतमजुरांच्या आरोग्यावर गेल्या काही दशकांत भरपूर लिहिलं गेलं आहे आणि त्यातला मोठा भाग त्यांच्या ‘धोकादायक वर्तना’बद्दल आहे. त्या दिवशी त्या मळ्यात कुणी नेहमीची छापील प्रश्नावली घेऊन गेलं असतं, तर या मुलीच्या नावापुढचा प्रत्येक रकाना भरला असता: पुरेसं पाणी पीत नाही. विश्रांती घेत नाही. त्रास होऊ लागला तरी काम थांबवत नाही. उन्हात जाड कपडे घालते. घरगुती उपाय आधी, डॉक्टर नंतर. आणि अहवालाच्या शेवटी शिफारस आली असती की मजुरांमध्ये जागृती करावी.

या शिफारशीला माझा विरोध आहे. या प्रकरणातलं एकही वर्तन त्या मुलीने मोकळेपणी निवडलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी केलेली व्यवस्था होती, आणि व्यवस्था बदलली तेव्हाच वर्तन बदललं, असं या क्षेत्राचा इतिहास सांगतो.

पाण्यापासूनच सुरुवात करू. बातम्यांमधल्या वर्णनानुसार टोळीला पहिल्यांदा पाणी मिळालं ते सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्यानंतर पाण्याचा पिंप होता, पण चालत दहा मिनिटांवर, आणि तिथवर जाऊन यायला पुरेल एवढी सुट्टी मुकादम देत नव्हता. आता हिशेब करा. कॅलिफोर्नियाचा नियम तेव्हाही सांगत होता की उन्हात काम करणाऱ्या प्रत्येक मजुरासाठी दर तासाला एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी हवं. एवढं पाणी थोडं थोडं करूनच पिता येतं. एका खेपेला जाऊन येऊन वीस मिनिटं लागत असतील, तर तासाचा तिसरा हिस्सा पाण्यातच जाणार. ज्या टोळीत मागे पडलेल्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं जात नाही, तिथे हा हिशेब प्रत्येक जण मनातल्या मनात करतो आणि तहान मारून पुढची ओळ धरतो.

यात बायकांचा हिशेब आणखी वेगळा असतो. शेतावर संडास हवेत, वीस मजुरांमागे एक आणि पाव मैलाच्या आत, असा अमेरिकेचा केंद्रीय नियम १९८७ सालापासून आहे. पण अकराहून कमी मजूर असलेल्या शेतांना तो लागू नाही, आणि जिथे लागू आहे तिथेही मळ्याच्या टोकाला उभ्या केलेल्या त्या डब्यापर्यंत एकटीने जाणं अनेकींना नको वाटतं. शेतातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी तिथे जुन्या आणि पुष्कळ आहेत. मग पाणीच कमी प्यायचं. आपल्याकडच्या कोणत्याही मजूर बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. फ्लोरिडात शेतमजुरांच्या लघवीची तपासणी करून झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जण सकाळी कामावर येतानाच पाणी कमी पडलेल्या अवस्थेत होते. ऊन लागायच्या आधीच शरीर मागे पडलेलं असतं.

समजुतींचा भाग नाहीच, असं मी म्हणत नाही. अंग तापलेलं असताना थंड पाण्याचा स्पर्श वाईट, त्याने सांधे धरतात, असं मेक्सिकोतून आलेल्या अनेक मजुरांना वाटतं. त्यामुळे कीटकनाशकाचे हात शेतावरच धुवायला ते नाखूश असतात, ही नोंद संशोधकांनी वारंवार केली आहे. उन्हातून आल्याबरोबर गार पाणी पिऊ नये, हे आपल्या घरात आजीने सांगितलेलं असतंच, तेव्हा या समजुतीला हसण्याचं आपल्याला काही कारण नाही. पण त्या दिवशीच्या मळ्यात ती समजूत आड आली, असं कुठेच दिसत नाही. आड आलं ते अंतर आणि घड्याळ.

३५ अंश म्हणजे काय मोठंसं, असं जळगाव किंवा चंद्रपूरच्या वाचकाला वाटेल. तिथे मे महिन्यात ४५ अंशांत माणसं वावरतात. शरीराला मात्र हवेतला आकडा एकटा मारत नाही. श्रम करणारा स्नायू स्वतःच भट्टीसारखा तापतो. ती उष्णता घामावाटे आणि त्वचेकडे वळवलेल्या रक्तावाटे बाहेर पडते, आणि त्यासाठी पाणी लागतं. पाणी संपत आलं की घाम आटतो, रक्तदाब पडतो, आतलं तापमान झपाट्याने चढतं. त्यात वेलींच्या दोन ओळींमध्ये वारा खेळत नाही. नऊ-नऊ तास थेट ऊन. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शरीराला उन्हातल्या श्रमाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. नव्या मजुराकडे हे काहीच नसतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाचं म्हणणं आहे की कामावरचे उष्माघाताचे जवळजवळ निम्मे मृत्यू पहिल्याच दिवशी आणि सत्तर टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात होतात. ही मुलगी नवी होती. मे महिन्याचा मध्य, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचं तोंड. गरोदरपणाचा भार वेगळाच. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर ३५ अंश पुरेसे असतात.

उष्माघात झालेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात थंड पाण्यात बुडवून किंवा बर्फाच्या पाण्याने भिजवून ताप उतरवला, तर तो बहुधा वाचतो. म्हणूनच कोसळण्यापासून दवाखान्यापर्यंतचे ते दीड तास इतके जड आहेत. स्पिरिट चोळणं हा मेक्सिकन घरांतला जुना उपाय, आणि तेवढ्यापुरतं ते अज्ञान म्हणता येईल. ते अज्ञान कुणाचं, हा मात्र प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमात मुकादमाला प्रशिक्षण देणं हे मजूर पुरवणाऱ्या कंपनीचं कर्तव्य होतं.

इथे ठेकेदारी समजून घ्यावी लागते. मळा एका कंपनीचा. मजूर दुसऱ्या कंपनीने पुरवलेले, तिला तिथे ‘काँत्रातिस्ता’ म्हणतात. टोळीवर देखरेख ‘मायोर्दोमो’ची, म्हणजे आपल्या मुकादमाची. मजुराचा मालकाशी संबंध येत नाही. काम देणारा, घरून शेतावर नेणारी गाडी चालवणारा, पुष्कळदा राहायची खोली लावून देणारा आणि उद्या बोलवायचं की नाही हे ठरवणारा एकच माणूस असतो. त्याच्यापुढे ‘मला चक्कर येतेय’ म्हणणं म्हणजे उद्याचा रोज पणाला लावणं. त्यात कागदपत्रं नसतील तर भीती दुप्पट. त्या काळात अमेरिकेतल्या पीक-मजुरांपैकी सुमारे निम्म्यांकडे कामाची कायदेशीर परवानगी नव्हती. ९११ फिरवलं की रुग्णवाहिकेबरोबर गणवेशातली माणसंही येतात, आणि ती कुणाला काय विचारतील याचा भरवसा नसतो. या मुलीच्या बाबतीत तर, ती व्यायाम करताना आजारी पडली असं दवाखान्यात सांगा, असं मुकादमाने फोनवर सांगितल्याचा आरोप तिच्या होणाऱ्या नवऱ्याने केला. वय कमी, म्हणून कंपनी अडचणीत येईल, हे त्यामागचं कारण.

आपल्याकडच्या ऊसतोडीची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बांधलेली कोयती, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादम आणि खाडा. एक दिवस काम चुकलं की खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून पाळीच्या दुखण्यासाठी थांबता येत नाही. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. ही त्या बायकांची ‘आरोग्यविषयक निवड’ होती असं कुणी म्हटलं, तर आपल्याला राग येईल. तोच राग मला फार्मिंग्टनच्या प्रकरणात येतो.

कपड्यांचंही असंच. उन्हात पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटशर्ट, डोक्याला रुमाल, तोंडावर रुमाल, वर टोपी, हा शेतमजूर बायकांचा नेहमीचा वेष. आरोग्य कार्यकर्ते सैल, हलके कपडे घाला असं सांगतात. पण तो वेष ऊन, पानांवरचं कीटकनाशक, धूळ आणि पुरुषांच्या नजरा या चारही गोष्टींपासून वाचण्यासाठी असतो. एका धोक्यापासून बचाव करताना दुसरा वाढतो, हे त्या बायकांना ठाऊक आहे. कोणता धोका आज अधिक जवळ आहे, हे त्या आपल्यापेक्षा नीट ओळखतात.

वर्तन वेडगळ वाटावं आणि त्यामागे अनुभवाची ठोस शहाणीव निघावी, याचं आणखी एक उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातलं आहे. तिथे तंबाखूची ओली पानं खुडताना निकोटिन कातडीतून अंगात जातं. मळमळ, उलट्या, गरगर होते आणि रात्र जागून काढावी लागते. तिथल्या लॅटिनो मजुरांच्या अभ्यासात असं दिसलं की जे आधीच सिगारेट ओढतात त्यांना हा त्रास कमी होतो, कारण शरीराला निकोटिनची सवय असते. धूम्रपान सोडा, असा फलक त्या शेताच्या बांधावर लावताना ही गोष्ट माहीत असायला हवी. मजुरांच्या दारू पिण्याबद्दल, एकट्या पुरुषांच्या छावण्यांमधल्या असुरक्षित संबंधांबद्दल, चिठ्ठीशिवाय घेतलेल्या इंजेक्शनांबद्दलही बरंच लिहिलेलं आहे. ते खोटं नाही. पण कुटुंबापासून महिनोन्‌महिने तोडलेल्या आणि दवाखान्यात जायला ना वाहन ना सुट्टी असलेल्या माणसांचं ते वर्तन आहे, हे ओळीच्या सुरुवातीला यायला हवं. बहुतेक ठिकाणी ते तळटीपेत येतं.

हा मृत्यू अपवाद होता का? नव्हता. तो झाल्यावर महिनाभरातच, जून २००८ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९२ ते २००६ या काळातले कामावरचे उष्माघाताचे मृत्यू मोजून प्रसिद्ध केले. एकूण ४२३, त्यातले ६८ पीक-मजुरांचे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर पीक-मजुराच्या वाट्याला हा मृत्यू इतर कामगारांच्या जवळजवळ वीसपट. आणि मृत्यू हे फक्त टोक आहे. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात पुढे झालेल्या अभ्यासात एका दिवसाच्या पाळीच्या आधी आणि नंतर मजुरांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे १२ टक्के मजुरांच्या मूत्रपिंडांना त्या एका दिवसात इजा झाल्याचं दिसलं. ज्यांना नगावर मजुरी मिळत होती त्यांच्यात ही शक्यता सुमारे चौपट. या मुलीची टोळी नगावर नव्हती, तासावर होती, असं बातम्यांवरून दिसतं. तरीही या आकड्याला इथे जागा आहे. मजुरीची पद्धत मूत्रपिंडापर्यंत पोचते, याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आता नियमांकडे. या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की कायदा तेव्हा होता. २००५ च्या उन्हाळ्यात शेतमजुरांचे मृत्यू झाल्यावर कॅलिफोर्नियाने तातडीचा नियम केला आणि २००६ मध्ये तो कायम केला. घराबाहेर काम करणाऱ्यांना उष्णतेपासून संरक्षण देणारा तो अमेरिकेतला पहिला राज्य-नियम. याच ठेकेदार कंपनीला २००६ मध्ये उष्णतेबाबत खबरदारीची योजना नसल्याबद्दल दंडही झाला होता. म्हणजे इशारा देऊन झाला होता.

नियमात उणीव कुठे होती? सावली आणि विश्रांती मजुराने मागायची होती. ज्याला त्रास होतोय किंवा होईल असं वाटतंय, त्याने सावलीत किमान पाच मिनिटं बसावं, असं त्यात होतं. कागदावर हा हक्क दिसतो. शेतावर त्याचा अर्थ असा की मुकादमाच्या डोळ्यांदेखत काम सोडून उठण्याची हिंमत सतरा वर्षांच्या नव्या मुलीने दाखवायची. मुलीच्या मृत्यूनंतर शेतमजुरांच्या संघटनेने लोडीहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत चार दिवसांची पदयात्रा काढली. गव्हर्नर आर्नॉल्ड श्वार्झनेगर अंत्यविधीला हजर राहिले. ठेकेदार कंपनीला २,६२,७०० डॉलर दंड ठोठावला गेला, तोवर त्या राज्यात शेतीक्षेत्रात एवढा मोठा दंड झाला नव्हता. फौजदारी खटला २०११ मध्ये तडजोडीने मिटला. परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखालची मोकळीक), समाजसेवेचे तास आणि किरकोळ दंड. तुरुंगात कुणी गेलं नाही. याचं दुःख मला आजही वाटतं आणि ते लपवण्याचं कारण नाही.

नियम मात्र हळूहळू बदलले, आणि ज्या दिशेने बदलले ती या प्रकरणाची खरी शिकवण आहे. २०१० मध्ये ठरलं की ८५ अंश फॅरनहाइटला सावली उभी असलीच पाहिजे, कुणी मागो न मागो. २०१५ मध्ये ती मर्यादा ८० अंशांवर आणली. ९५ अंशांना शेतमजुरांना दर दोन तासांनी दहा मिनिटांची सुट्टी सक्तीची झाली. नव्या मजुरावर पहिले चौदा दिवस लक्ष ठेवणं बंधनकारक झालं. पाणी काम चालू असेल तिथून शक्य तितकं जवळ हवं, असंही त्यात आलं. १ जानेवारी २०१६ पासून दुसऱ्या एका कायद्याने नगावर काम करणाऱ्यांना विश्रांतीच्या मिनिटांचे वेगळे पैसे देणं भाग पडलं. या सगळ्यात मजुराला शहाणं करण्याचा मुद्दा दुय्यम आहे. काम कधी थांबवायचं, हे मजुराच्या हिंमतीवर न सोडता थर्मामीटरवर सोपवलं आणि थांबण्याची किंमत मालकाच्या खात्यात टाकली.

हे त्या राज्यात आधीही घडलं होतं. सॅलिनास खोऱ्यात कोबी-लेट्यूसच्या विरळणीला मजुरांना जेमतेम दोन फुटांच्या दांड्याचं खुरपं देत. ‘एल कोर्तितो’, म्हणजे छोटं. दिवसभर कंबरेत दुमडून काम, आणि लांबून बघणाऱ्या मुकादमाला कोण उभा राहिला ते लगेच दिसायचं. तरुण माणसांच्या पाठी कायमच्या जायच्या. मजुरांना वाकण्याची योग्य पद्धत शिकवून यावर काही उतारा पडला नसता. १९७५ मध्ये ते अवजारच बेकायदा ठरवलं गेलं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी शेतमजुरांची पाहणी करताना ‘तुम्ही दिवसात किती ग्लास पाणी पिता?’ हा प्रश्न पहिला विचारू नये, असा माझा आग्रह असतो. आधी पाण्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. संडास कुठे आहे ते जाऊन बघा. पाणी प्यायला गेलेल्या मिनिटांचे पैसे मिळतात की कापले जातात, ते विचारा. मागच्या वेळी ज्याला चक्कर आली त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं का, तेही विचारा. गाडी कुणाची, किल्ली कुणाकडे, हे नोंदवा. इतकं झाल्यावर ग्लास मोजा.

अमेरिकेत अजून देशभर लागू होईल असा उष्णतेचा नियम नाही. केंद्रीय कामगार सुरक्षा विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये मसुदा प्रसिद्ध केला. ओरेगॉन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो अशा काही राज्यांनी आपापले नियम केले आहेत. फ्लोरिडात मात्र मायामी-डेड परगणा बांधकाम आणि शेतीतल्या कामगारांसाठी पाणी, सावली आणि विश्रांतीचा स्थानिक नियम करू पाहत असताना राज्याने २०२४ मध्ये कायदा करून कोणत्याही शहराला वा परगण्याला असा नियम करायलाच बंदी घातली. टेक्सासने तसाच रस्ता २०२३ मध्ये धरला होता. पिकांमागे फिरणारी मजुरांची कुटुंबं हिवाळा फ्लोरिडात काढतात आणि उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिना, मिशिगनकडे सरकतात. राज्य बदललं की कायदा बदलतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो नसतोच.